दहा गुणांचा फरक

टुलोमा, मिसिसिपी
६ नोव्हेंबर १९६१

प्रिय लिओरा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. नेल रोज विचारते, "बहिणीला लिहिलंस का?" आणि मी रोज "उद्या" म्हणतो. आज कामासाठी लिहितोय. शिव्या घालायच्या असतील तर इथेच घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

योकाना कॉलेजच्या फुटबॉल संघानं आठही सामने जिंकलेत. आपला वेड त्यांचा कप्तान आहे. बचावफळीच्या मधोमध उभा राहतो आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला जमिनीवर झोपवतो. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, सगळं गाव सांगतं. शनिवारी स्टेडियमबाहेर एका म्हातारीनं माझा कोट चाचपून बघितला, कप्तानाचा बाप म्हणून. पण तुमच्याकडचं ते नोडावे कॉलेजही आठ सामन्यांत एकदाही हरलेलं नाही. ४ डिसेंबरला देशभरातले आम्ही अठ्ठेचाळीस क्रीडा-वार्ताहर एकेक नाव तारेनं कळवणार. ज्याला जास्त मतं, तो देशाचा विजेता. माझं मत कुणाला जाणार हे टुलोमात कुणी विचारत नाही. परवा न्हाव्यानं वस्तरा गळ्याला लावून मलाच ते सांगितलं.

मत देईनच, पण त्याला बूड हवं. दक्षिणेचा आपला कॉलेजांचा गट जास्त ताकदीचा, की तुमचा मध्य-पश्चिमेचा? नोडावेनं ज्यांना हरवलं ती कॉलेजं दमदार आहेत, की नुसती मक्याची कणसं? नऊ वर्षं तू वहीत या सगळ्याची आकडेमोड करतेस आणि नऊ वर्षं मी तुला हसतो. आता हसत नाही. उत्तर एका आकड्यात दे. वर्गात शिकवतेस तसं लांबण लावू नकोस.

तुझा
हॉलिस

हार्लो, आयोवा
१० नोव्हेंबर १९६१

प्रिय हॉलिस,

शिव्या शिल्लक ठेवते. लागतील.

एका आकड्यात उत्तर नाही. तुमच्या गटात अकरा कॉलेजं, आमच्यात दहा. यंदा तुमची कॉलेजं गटाबाहेर एकवीस सामने खेळली आणि वीस जिंकली. ऐकायला झकास. पण त्यातले सोळा सामने आसपासच्या अशा छोट्या कॉलेजांशी, की ज्यांच्या संघापेक्षा बँडमध्ये जास्त मुलं असतील. आमची कॉलेजं बाहेर चौदा सामने खेळली आणि नऊच जिंकली, पण ते पूर्वेच्या आणि पॅसिफिककडच्या तगड्या संघांशी. वीस मोठे की नऊ मोठे? माझ्या वर्गातला मागच्या बाकावरचा ढ मुलगासुद्धा विचारेल, "बाई, कुणाविरुद्ध?"

तुमचा गट आणि आमचा गट यांच्यात एकही सामना झालेला नाही. दोन विहिरींतले दोन बेडूक, प्रत्येक जण आपल्या विहिरीत सगळ्यात उंच उडी मारतो. कुणाची उडी मोठी ते कसं ठरवायचं? दोघांशी खेळलेला तिसरा एकच संघ मला सापडला, केंटकीचं डेल्मार. योकानानं त्याला सप्टेंबरात चोवीस गुणांनी हरवलं, नोडावेनं गेल्या शनिवारी चौदा गुणांनी. म्हणजे वरवर बघता फरक दहाचा. पण तुम्ही घरच्या मैदानावर खेळलात आणि नोडावे परक्या. घरच्या मैदानाचे तीन गुण मी नेहमी वजा करते, परक्या मैदानाचे तीन मिळवते. फरक उरला चारचा. त्यात नोडावेचा सामना गारांच्या पावसात झाला. वरवरचा आकडा दहा, धुऊन काढला तर चार, आणि एकाच सामन्याच्या दोरीवर आख्ख्या दोन गटांचा पूल बांधायचा म्हटलं तर विश्वास ठेवण्याजोगा आकडा शून्य.

दोन गट समोरासमोर का येत नाहीत हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नोडावेच्या संघात दोन काळे खेळाडू आहेत. चेंडू घेऊन पळणारा रॉस्को टिब्स त्यांतलाच एक. तुमची कॉलेजं अशा संघासमोर मैदानातच उतरत नाहीत. तेव्हा ताकद मोजायची आहे असं मला सांगू नकोस. मोजायची असती तर खेळला असतात.

यातलं काही छापू नकोस. आकडा एकटा बाहेर पडला की बेताल वागतो.

लिओरा

टुलोमा
१५ नोव्हेंबर १९६१

प्रिय लिओरा,

पत्र मिळालं. आभार. तू सांगितलंस त्यावर विचार करतोय.

इकडे गडबड आहे. परवाचा सामनाही जिंकलो, वेडच्या खांद्याला मुका मार आहे पण तो सांगत नाही. नेलनं कापूर-तेलासारखं घरचं काहीबाही चोळून दिलं. संपादक बॅस्कम मान वर करू देत नाही. सविस्तर नंतर लिहीन. तुझ्या गेरिटला नमस्कार.

हॉलिस

हार्लो
२१ नोव्हेंबर १९६१

हॉलिस,

आज शिक्षकांच्या खोलीत इतिहासाच्या मास्तरांनी माझ्यासमोर वर्तमानपत्र ठेवलं. वृत्तसंस्थेनं तुझा १४ तारखेचा लेख उचललाय. "आयोवात राहणारी माझी बहीण, गणिताची शिक्षिका, स्वतः मान्य करते की दक्षिणेचा गट मध्य-पश्चिमेपेक्षा दहा गुणांनी सरस आहे." खाली माझं नाव, गावाचं नाव, सगळं.

दहा. चार नाही, शून्य नाही. गारा नाहीत, घरचं मैदान नाही. माझ्या दीड पानातून तुला तेवढा एक शब्द सापडला.

मास्तर म्हणाले, "बाई, मीठ आमचं खाता आणि आकडे तिकडचे?" ते हसत म्हणाले, पण हसणारे ते एकटेच होते. गेरिटच्या धान्यकोठीत लोक त्याला विचारतात, बायको कुठली म्हणून. तेवीस वर्षं झाली मला इथे.

ते मी सोसेन. पण तू १५ तारखेला मला "विचार करतोय" असं लिहिलंस, तेव्हा लेख छापून एक दिवस झाला होता. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा निदान कान लाल व्हायचे. पत्रात ते दिसत नाहीत हा तुझा फायदा.

दुरुस्ती छाप. माझे आकडे पूर्ण छाप, नाहीतर माझं नाव काढ.

लिओरा

टुलोमा
२५ नोव्हेंबर १९६१

प्रिय लिओरा,

कान लाल आहेत.

बॅस्कम टेबलाशी उभा होता आणि मला दोन रकाने भरायचे होते. तुझं पत्र खिशात होतं. दहा म्हणजे दहा, लोकांना कळतं. चारची गंमत नाही आणि शून्य कुणी वाचत नाही. तुझं नाव घातलं, कारण शत्रूच्या गोटातली साक्ष वजनदार वाटते. एवढंच. यात काही वाईट होईल असं त्या दुपारी मला वाटलं नाही.

आता ऐक. अ‍ॅरिझोनातल्या नववर्षाच्या सामन्याच्या समितीनं योकानाला आमंत्रण दिलंय. समोर नोडावे. ज्याच्यासाठी तू नऊ वर्षं वह्या भरल्यास तो सामना. बुधवारी प्रशिक्षकानं पोरांना एका खोलीत बसवलं, एकेक कागद दिला आणि म्हणाला, "नाव लिहू नका. जायचं की नाही एवढंच लिहा." एक्केचाळीस चिठ्ठ्या. सदतीस जण जायला तयार, चौघं नको म्हणाले. आपल्या राज्यात, लिओरा. मला खरं वाटेना. वेड घरी आला तेव्हा मी म्हटलं, "शाब्बास." तो म्हणाला, "चिठ्ठ्या झाल्या, डॅडी, आता विश्वस्त ठरवतील," आणि आंघोळीला गेला.

विश्वस्तांची बैठक सोमवारी. काळ्या खेळाडूंशी खेळायचं नाही हा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि न लिहिलेला नियम मोडायचा तरी कुठून? तरी लोकांत कुजबुज आहे की या वेळी जाऊ देतील. देशाचा मुकुट समोर आहे, नाही कसं म्हणतील?

दुरुस्तीचं बॅस्कमला विचारलं. तो म्हणाला, "बैठक होऊ दे." मी थांबलो.

हॉलिस

हार्लो
२८ नोव्हेंबर १९६१

हॉलिस,

इथल्या आजच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आहे, तेव्हा तुझ्या पत्राची वाट बघत नाही. योकानाच्या विश्वस्तांनी आमंत्रण नाकारलं. अध्यक्ष जज स्टॉलवर्थ म्हणतात की यात रंगाचा प्रश्न नाही, दर्जाचा आहे. नोडावेचा गट दहा गुणांनी दुबळा असल्याचं "त्यांच्याच एका गणितज्ञ बाईंनी" मान्य केलंय. दुबळ्याशी खेळून योकानाला काय मिळणार?

फोटोत जजच्या हातात तुझा लेख आहे.

मी नऊ वर्षं हे आकडे का मांडत होते माहीत आहे? जे समोरासमोर येत नाहीत त्यांचीही तुलना व्हावी म्हणून. आणि माझाच आकडा हातात घेऊन त्यांनी समोर यायचं टाळलं.

रडावंसं वाटलं, पण तिसरा तास होता. अपूर्णांक शिकवले.

लिओरा

टुलोमा
५ डिसेंबर १९६१

प्रिय लिओरा,

तुला हे रेडिओवर कळलं असेल, पण माझ्या तोंडून ऐक.

काल सकाळी मी तारघरात गेलो. फॉर्मवर माझं नाव, वर्तमानपत्राचं नाव लिहिलं. कॉलेजाच्या नावाच्या जागी काही लिहिलं नाही. तारमास्तर म्हणाला, "हॉलिस, विसरलास." मी म्हटलं, "आहे तशीच पाठव." त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. गावातला माणूस आहे, त्याचा पुतण्या योकानात शिकतो.

तासाभरानं न्यूयॉर्कहून फोन आला. "मिस्टर प्रुएट, तुमच्या तारेत नाव नाहीये."

"माहीत आहे."

"वेळ आहे अजून. आता सांगा, मी लिहून घेतो."

"कोण सरस ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "आमच्या लोकांनी ते कळू दिलं नाही."

"मग हे मत मोजता येणार नाही."

"मोजू नका."

बॅस्कम शेजारच्या टेबलावर होता. त्यानं टंकलेखन थांबवलं होतं.

दुपारी निकाल आला. नोडावे बावीस, योकाना एकवीस, चार मतं इतरांना, एक बाद. माझं मत पडलं असतं तर बरोबरी होऊन मुकुट दोघांत वाटला गेला असता. एवढं काठावर जाईल हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतं, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

बाद मत कुणाचं हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. फोन थांबेना. नेलनं पहिले सहा घेतले, सातव्यानंतर रिसीव्हर काढून ठेवला. आज सकाळी ओसरीवर कुणीतरी मेलेले मासे टाकले होते. ते मी उचलले. बॅस्कमनं मला क्रीडापानावरून काढलं. आता मृत्यूच्या बातम्या आणि गुरांच्या बाजाराचे भाव लिहायचे.

हे सगळं एका बाजूला. वेड आला. दारातच उभा राहिला.

"तुमच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानं आम्हाला मत दिलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"आम्ही दहाच्या दहा जिंकलो. दहा, डॅडी."

"हो."

"बरंय. बाकीच्या चाळीस जणांना मी काय सांगू, की तो माझा बाप आहे म्हणून?"

बॅग घेऊन वसतिगृहावर गेला. नाताळाला येणार नाही असं आईला सांगून गेला.

हॉलिस

हार्लो
९ डिसेंबर १९६१

प्रिय हॉलिस,

पत्र दोनदा वाचलं. गेरिटला वाचून दाखवलं, त्यानं चुलीत लाकूड घातलं. तो खूश असतो तेव्हाही तेच करतो, त्यामुळे सांगता येत नाही.

तुला एक सांगायलाच हवं, आणि ते तुला आवडणार नाही. शेवटच्या शनिवारचे निकाल घेऊन मी सगळं पुन्हा मांडलं. दोन्ही गट, एकवीस कॉलेजं, घरची-परकी मैदानं सगळी. भरवसा अजूनही नाही, पण माझ्या कपाळाला पिस्तूल लावून कुणी विचारलं असतं तर मी योकाना म्हटलं असतं. दोन-तीन गुणांनी. तुझ्या जागी असते तर वेडच्या संघाला मत दिलं असतं आणि मला झोप लागली असती.

तू ते दिलं नाहीस. का, ते मला कळतं. वेडला कळतं का? मुकुट बापानं घालवला एवढंच त्याला दिसतंय. जजच्या हातात कुणाचा लेख होता, दहाचा आकडा कुणी कुठून उचलला, हे त्याला तू स्वतः सांगितलंस का? नसशील, तर तू अर्धंच खरं बोललास. तेही फोनवर, परक्या माणसाला.

नेलला सांग, कुणी आलं-गेलं नाही तरी दाराची पायरी रोज झाडत जा.

तुझी
लिओरा

योकाना कॉलेज वसतिगृह
१८ डिसेंबर १९६१

प्रिय लिओरा आत्या,

मी पाच वर्षांचा असताना तुम्ही मला शेवटचं पाहिलंत, त्यामुळे हे पत्र पाहून नवल वाटेल.

नाताळची सुटी आहे. सगळे घरी गेलेत. मला घरी जायचं नाही. डॅडींचं पत्र आलं होतं, चार पानांचं. जज स्टॉलवर्थ यांनी दाखवलेला लेख डॅडींचा होता हे मला माहीत होतं, पण तुमचा आकडा त्यांनी मोडतोड करून लिहिला हे माहीत नव्हतं. ते सगळं त्यांनी लिहिलंय. मी उत्तर दिलेलं नाही.

नोडावे कॉलेज तुमच्यापासून चाळीस मैलांवर आहे असं नकाशात दिसतं. नववर्षाचा सामना ते आता दुसऱ्या कुणाशी खेळणार, तो झाल्यावर त्यांचा संघ परत येईल. मला रॉस्को टिब्सला भेटायचंय. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तो मला भेटेल की नाही तेही माहीत नाही. तुम्ही त्यांच्या प्रशिक्षकांना एक ओळ लिहाल का? मी बसनं येईन. राहायला ओसरीसुद्धा चालेल.

घरी कळवू नका, ही विनंती.

आपला
वेड

हार्लो
६ जानेवारी १९६२

प्रिय हॉलिस,

वेड माझ्याकडे आहे. बुधवारी आला, पातळ कोट घालून, दक्षिणेतल्या पोराला बर्फ ठाऊकच नाही. त्यानं कळवू नका म्हटलं होतं म्हणून कळवलं नाही. आज तोच म्हणाला, "आत्या, सगळं लिहा." म्हणून लिहिते. नेलला शेजारी बसवून वाच.

काल आम्ही नोडावेला गेलो. टिब्स कॉलेजसमोरच्या उपाहारगृहात भेटला. वेडपेक्षा चार बोटं बुटका, मान बैलासारखी, आवाज हळू. तिघांनी कॉफी आणि अ‍ॅपल पाय मागवला. वाढणारीनं माझी कॉफी आधी आणली, मग वेडची, आणि टिब्सची आठवण दोनदा करून द्यावी लागली. शेजारच्या टेबलावरचं जोडपं उठून खिडकीपाशी जाऊन बसलं. हे इथलं, आयोवातलं. आमच्याकडे असं काही नाही, असा माझ्या पत्रांचा सूर असतो. तेव्हा हेही लिहून ठेवते.

टिब्सनं खिशातून एक कात्रण काढलं. प्रशिक्षकानं नोव्हेंबरात कपडे बदलायच्या खोलीत ते भिंतीला लावलं होतं, पोरांना चेव यावा म्हणून. "तुमच्या लोकांना आम्ही लायक वाटलो नाही," तो म्हणाला. "दहा गुण."

वेडनं ते हातात घेतलं. "हे माझ्या वडिलांनी लिहिलंय," तो म्हणाला. "आणि आकडा या बाईंचा आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. टिब्स माझ्याकडे वळला. "मॅडम, खरंच दहा?"

"चार," मी म्हटलं. "आणि खरं म्हणजे तेही नाही."

तो थोडा हसला. मग वेडला म्हणाला, "तुमच्यात एकालाही यायचं नव्हतं ना? आम्हाला तसंच सांगितलं."

"एक्केचाळीस जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. सदतीस जणांना यायचं होतं."

टिब्सनं काटा खाली ठेवला. "हे कुणी छापलं नाही."

"नाही."

"म्हणजे तुला यायचं होतं."

मला वाटलं वेड हो म्हणेल. तू त्याला शाब्बास म्हणाला होतास, मीही मनातल्या मनात म्हटलं होतं. तो कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, "नाही. चौघांतला एक मी होतो."



"आमच्याकडे तुझ्या सामन्यांची फिल्म आली होती," वेड म्हणाला. "मी ती पाच वेळा बघितली. तुला अडवायचं काम माझं होतं, आणि तुला कसं अडवायचं ते मला पाचव्यांदाही कळलं नाही. सगळं राज्य बघत असणार. तू मला आडवा करून पुढे गेला असतास तर मी परत कुठल्या तोंडानं गेलो असतो? म्हणून नको लिहिलं. बाकी तिघांनी का लिहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्या मागे लपलो. आमच्याकडे ते कारण सांगायला लाज वाटत नाही. भ्यालो म्हणायला वाटते."

टिब्सनं अ‍ॅपल पाय संपवला, शेवटचा तुकडासुद्धा. मग म्हणाला, "हे सांगायला मिसिसिपीहून आलास?"

"हो."

"डावीकडे वळताना मी आधी खांदा पाडतो," टिब्स म्हणाला. "आमचा प्रशिक्षक दोन वर्षं ओरडतोय. फिल्ममध्ये तेवढंच बघायला हवं होतंस."

दारात त्यानं वेडशी हात मिळवला. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. "रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश जा," एवढं म्हणून तो गेला.

परतीच्या वाटेवर वेड म्हणाला की डॅडींवर चिडणं सोपं होतं, त्यांचं सगळ्यांना माहीत होतं, माझं कुणालाच नव्हतं.

तो मंगळवारच्या बसनं निघतोय. गेरिटचा लोकरीचा कोट दिलाय, परत पाठवू नकोस.

लिओरा

टुलोमा
२८ जानेवारी १९६२

प्रिय लिओरा,

वेड आला त्या दिवशी मी काही विचारलं नाही. तूही सगळं लिहिलेलंच होतंस. त्यानं ते आईसमोर स्वतःच्या तोंडानं पुन्हा सांगितलं, आणि मग विचारलं, "माझी चिठ्ठी तुम्हाला आधी कळली असती तर तुम्ही आम्हाला मत दिलं असतं का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "मलाही." त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. जास्त नाही. मीठ दे, दार लाव, इतपत.

काल योकानाची हंगामाची मेजवानी होती. चारशे माणसं कॉलेजच्या सभागृहात. आम्हाला कप्तानाचे आईबाप म्हणून बोलावणं होतं, पण जागा पार मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. आमच्या टेबलावर सहा खुर्च्या होत्या आणि आम्ही दोघंच बसलो होतो. नेलनं निळा झगा घातला होता. मान ताठ.

जज स्टॉलवर्थ बोलले. दहा विजय, दक्षिणेची शान, आणि आपल्याच घरातल्या एका माणसामुळे हुकलेला मुकुट. चारशे मानांपैकी निम्म्या मागे वळल्या. मी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला. खाली ठेवला.

मग कप्तानाचं भाषण. दर वर्षी असतं, प्रशिक्षकांचे आभार, आईचे आभार, दोन विनोद. वेड मुख्य टेबलावर जजच्या शेजारी बसला होता. उठला. हातात कागद नव्हता.

"आम्ही देशात सगळ्यात सरस आहोत की नाही ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "इथे कुणालाच माहीत नाही. ते कळायची संधी आली होती. सदतीस जणांना जायचं होतं, हे तुमच्यापैकी कुणी वाचलेलं नाही, कारण ते छापलंच नाही. चौघांना नव्हतं. त्यांतला एक मी. मला त्या मुलांच्या रंगाचं काही नव्हतं. मला हरायची भीती वाटली. आपल्या विश्वस्तांनाही तीच वाटली, असं मला वाटतं. मुकुट माझ्या वडिलांनी घालवला नाही. एवढंच."

मागे कुणीतरी "बस खाली" म्हणालं. वेड बसला नाही. प्रशिक्षक टेबलावरच्या फुलांकडे बघत होता. मग उजवीकडून एक धिप्पाड पोरगा उठला, पुढच्या फळीतला, मी त्याच्यावर दोनदा लिहिलंय. "मी जायचं असं लिहिलं होतं," तो म्हणाला. "हे माझ्या बापाला आत्ता कळतंय. सॉरी, सर." त्याच्या बापानं हात धरून त्याला खाली ओढलं. पण आणखी दोघं उठले. मग चार. मोजायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही, तू मोजलं असतंस.

जज स्टॉलवर्थ उठले. त्यांनी रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला, बायकोला हात दिला आणि मधल्या वाटेनं बाहेर पडले. त्यांच्यामागे माणसं उठत गेली, खुर्च्या सरकत होत्या. आमच्या टेबलाजवळून जाताना कुणी आमच्याकडे पाहिलं नाही. पाच-सात मिनिटांत सभागृह अर्धं रिकामं झालं. वेड तिथेच उभा होता, दोन्ही बाजूंना मोकळ्या खुर्च्या.

मला काय करावं कळेना. नेलला कळलं. तिनं पर्स घेतली, आपलं ताट उचललं आणि सगळं सभागृह ओलांडून सरळ मुख्य टेबलाकडे गेली. जजच्या खुर्चीत बसली. "बस आता, जेवला नाहीस," असं ती वेडला म्हणाली, ते मला इतक्या लांबून ऐकू आलं, एवढी शांतता होती.

मग मीही माझं ताट घेऊन गेलो. तिघांनी तिथे बसून जेवण संपवलं. कोंबडी पार गार झाली होती.

तुझा
हॉलिस